मन चिंती ते वैरी न चिंती, आणि थायरॉईड

शमा_नाशिक | सोमवार, रात्री ९:५०

गेली सतरा वर्षं मी नाशकात सायकोथेरपी करते. समोरासमोर दोन खुर्च्या, मधे टीपॉय, त्यावर टिश्यूचा डबा आणि पाण्याचा तांब्या, एवढंच माझं दुकान. मी डॉक्टर नाही, गोळ्या लिहून देत नाही. गोळ्या लागतील असं वाटलं तर सायकियाट्रिस्टकडे पाठवते. (हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात कुणीतरी झोपेची गोळी विचारतंच.)

२०२२ च्या आषाढात मला धडधडायला लागलं. बाहेर धो धो पाऊस, गोदावरीला पूर, अर्धं नाशिक दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते बघायला घाटावर, आणि मी घरात पंखा पाचवर ठेवून घामाघूम. रात्री तीनला जाग यायची ती छातीत ढोल वाजत असल्यासारखी. चिडचिड तर अशी की कुकरची शिट्टी झाली तरी मी कुकरवर ओरडायचे.

माझं निदान तयारच होतं. कोविडची दोन वर्षं रोज सहा-सहा सेशन्स, दुसऱ्या लाटेत घरातलं माणूस गेलेल्यांची रांग, त्यात सासरे गेले. मग थकवा येणार नाही तर काय? मी स्वतःला वही घालून दिली. प्रसंग, त्यावर मनात आलेला विचार, त्यातून आलेली भावना. क्लायंटना देते तीच वही, तेच रकाने. प्रत्येक धडधडीमागे मला एक विचार सापडायचा. शोधला की सापडतोच, ही आमच्या विद्येची खुबी म्हणा नाहीतर खोड.

वजन सात किलो उतरलं. भेटेल ती बाई म्हणायची, "किती छान बारीक झालीस, काय करतेस?" मी खुशाल सांगायचे, "संध्याकाळी चालते." रात्री अकराला ओट्याशी उभ्याउभ्या गार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हाणत होते, ते नाही सांगायचे.

सासूबाई म्हणाल्या, "बांगडी कोपराशी जातेय गं तुझी." मी हसून सोडून दिलं. पकडलं ते एका क्लायंटने. निवृत्त एसटी कंडक्टर, उभा जन्म लोकांच्या हातांकडे बघत सुटे पैसे मोजलेला माणूस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि लिहायच्या आधी त्यांना विचारलंय.) मी चहाचा कप पुढे केला तर म्हणाले, "मॅडम, मागच्या खेपेपासून बघतोय, हात थरथरतोय तुमचा. आमच्या मंडळींचा असाच व्हायचा. थायराईड निघालं."

रक्त तपासलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला "बनव" म्हणून मेंदूकडून येणारा हुकूम, ०.०१ च्या खाली. साधारण ०.४ ते ४ असायला हवं. फ्री टी-४, म्हणजे थायरॉईड बनवते ते हार्मोन, दुपटीच्या वर. बसल्या जागी नाडी ११२. निदान निघालं, ग्रेव्ह्ज डिसीज. शरीरच स्वतःच्या थायरॉईडविरुद्ध अशी प्रतिपिंडं बनवतं की ग्रंथीला वाटतं वरून हुकूम आलाय, अजून बनवा, अजून बनवा. आणि ती बिचारी बनवत सुटते. मग हृदय, आतडी, झोप, घाम, सगळंच धावतं. यात "मनाचं" म्हणावं असं काही नव्हतं. तीन महिने मी ज्या विचारांशी वाद घालत होते ते विचार आरोपीच नव्हते, घटनास्थळी सापडले एवढाच त्यांचा गुन्हा.

लाज वाटली. खूप. एवढी वर्षं नव्या क्लायंटला पहिल्या भेटीत मी काय काय विचारायचे! आई-वडील, शाळा, लग्न, नोकरी. पण "शेवटची रक्ततपासणी कधी केली?" हे दहातल्या चारांनाच विचारायचे. आता प्रत्येकाला विचारते. हिमोग्लोबिन, बी-१२, टीएसएच, साखर. डॉक्टरकडून हे झाल्याशिवाय धडधडीच्या माणसाशी मी बालपणाच्या गप्पा लांबवत नाही.

इथवर गोष्ट सोपी आहे. शरीराचं होतं, मनाचं समजले, फजिती झाली. पुढचं जास्त अवघड आहे आणि खरं तर त्यासाठीच धागा काढला.

ग्रंथीला लगाम घालणारं कार्बिमॅझोल सुरू झालं, सोबत थरथर आणि धडधड आवरायला काही आठवडे प्रोप्रॅनोलॉल. दोन महिन्यांत टी-४ जागेवर आलं. (टीएसएच मात्र पुढे कितीतरी दिवस झोपलेलंच राहतं, त्याने घाबरायचं नसतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या.) हात स्थिर, भूक माणसात. आणि धडधडीची काळजी? ती जागच्या जागी. आजार गेला आणि काळजी त्याच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिली.

२०२१ ला घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये होता. तो बोटाला लावायचा, नाडी बघायची. ७८ म्हणजे हायसं. पाच मिनिटांनी, मघाशी नीट लागला नसेल. पुन्हा. ८४. का वाढली? पुन्हा. ९१. अर्थात वाढणारच, घाबरून मोजलं की वाढते. एका रविवारी मी मोजलेल्या वेळा मोजल्या. संध्याकाळपर्यंत सदतीस. दोन क्लायंटच्या मधल्या दहा मिनिटांत मी बाथरूममध्ये जाऊन बोटाला चिमटा लावत होते, आणि बाहेर येऊन समोरच्याला सांगत होते की गॅस बंद आहे का हे पुन्हा पुन्हा बघू नका.

आपल्या भाषेत एक गंमत आहे, कधी लक्षात आलीय का? "काळजी घे" आणि "काळजी करू नकोस" हे आपण एकाच श्वासात म्हणतो. शब्द एकच, क्रियापद वेगळं. घेणं म्हणजे गोळी वेळेवर, दीड महिन्याने रक्त, ताप आणि घसा एकदम आला तर त्याच दिवशी डॉक्टर. ही कामं संपतात. करणं संपत नाही. पण करणाऱ्याला ते घेणंच वाटत असतं, यात सगळी मेख आहे. मी ऑक्सिमीटर लावत होते तेव्हा मला वाटत होतं मी जबाबदार पेशंट आहे. एकदा शरीराकडे दुर्लक्ष करून तोंडावर आपटले होते ना, आता पुन्हा नाही!

विचारांशी वाद घालणं मला चांगलं येतं, पोट त्यावरच चालतं. त्याचा इथे काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो कंटाळवाण्या गोष्टीचा. ऑक्सिमीटर सासूबाईंच्या ताब्यात दिला. त्यांनी देवघराच्या खणात ठेवला, वातींच्या डबीशेजारी. दिवसातून दोनदाच मागायचा, सकाळी आठ आणि रात्री आठ. आकडा कितीही येवो, दुसऱ्यांदा लावायचा नाही. पहिले चार दिवस भयाण गेले. पाचव्या दिवशी रात्रीचं मागायला विसरले. तीन आठवड्यांनी त्याची बॅटरी संपली होती ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आता शेवटचं. गोळ्या दीड वर्ष चालल्या, २०२४ च्या फेब्रुवारीत बंद झाल्या. हा आजार बऱ्याच जणांत परत येतो, माझा अजून आलेला नाही. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "आजाराने खूप शिकवलं असेल ना तुला?" अगदी माझ्या व्यवसायातलेही. प्रामाणिक उत्तर असं की आजारात मी वाईट थेरपिस्ट होते. दोन क्लायंट सोडून गेले आणि त्यांचं बरोबर होतं. घरच्यांवर ओरडले ते शब्द परत घेता येत नाहीत. टीएसएच विचारायला शिकले, हे खरं. त्याला व्यक्तिमत्त्वविकास म्हणायचं असेल तर म्हणा.

तुमचे अनुभव लिहा. आरामात, घाई नाही.

---

पोहेवाला | सोमवार, रात्री १०:३२

पहिला! वाचून हाताला घाम आला. वय ३४, आयटी, हिंजवडी. आठ महिने धडधड, दोन ईसीजी नॉर्मल, एकदा मध्यरात्री इमर्जन्सीत जाऊन आलोय. सगळे म्हणतात अँग्झायटी. टीएसएच कुणी सांगितलंच नाही. उद्याच करतो.

---

लॅबवाली | सोमवार, रात्री ११:०५

पॅथॉलॉजीत आहे म्हणून दोन गोष्टी. पोहेवाला, केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आणि लॅबला आधी सांगा, निदान दोन-तीन दिवस बंद ठेवून मग रक्त द्या. बऱ्याच यंत्रांची तपासणीची पद्धतच अशी असते की रक्तातल्या बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसू शकतं. रिपोर्ट बघून माणूस ग्रेव्ह्ज समजून बसतो आणि निघतं केस गळतीचं औषध.

दुसरं, शमाताईंनी ताप आणि घशाचं ओझरतं लिहिलंय, ते ठळक करते. कार्बिमॅझोलमुळे क्वचित, अगदी क्वचित, पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. ताप आणि घसादुखी आली तर "व्हायरल असेल" म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी). आणि प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही. मैत्रिणीच्या पर्समधलं घेऊ नका. घेतात, म्हणून सांगतेय.

---

कोपरखळी | मंगळवार, सकाळी ७:१५

लेख चांगला, पण एक विचारतो. आमच्या आजीला अकरा बाळंतपणं, त्यातली चार पोरं गेली, नवरा तापट. तिला कधी अँग्झायटी झाली नाही. तिला वेळच नव्हता. हल्ली रिकामा वेळ आणि रिकामं डोकं, त्यातून हे सगळं. राग मानू नका.

---

शमा_नाशिक | मंगळवार, सकाळी ९:४०

राग कसला, हे तर आठवड्यातून एकदा ऐकते. माझ्याही आजीला वेळ नव्हता. पण ती रात्री बारा वाजता उठून दाराची कडी बघायची, मग मागच्या दाराची, मग गोठ्याची. पावसाळ्याच्या आधी पापड-कुरडया किती डबे झाले ते परत परत मोजायची. कुणी त्याला काही नाव दिलं नाही, "आईचा स्वभावच तसा" म्हणाले. तिच्या पोटात कायम गोळा यायचा आणि ओव्याचा अर्क घरात कायम असायचा. तुमच्या आजीला काही झालं नसेलही, मी त्यांना पाहिलेलं नाही. पण चार पोरं गेलेल्या बाईला कुणी बसवून विचारलं होतं का, हे मला आधी विचारावंसं वाटेल.

एक मात्र तुमचं खरं आहे. तिच्या काळजीला हात होते. डबे मोजले तर डबे तरी नीट राहायचे. आपली काळजी बसल्या जागी स्क्रीनवर चालते आणि तिच्यातून कुरडईसुद्धा निघत नाही.

---

कोपरखळी | मंगळवार, सकाळी १०:०२

ओव्याचा अर्क आमच्याकडेही होता. गप्प बसतो.

---

मावळतीकाठ | मंगळवार, दुपारी ३:२०

मला थोडं वेगळं म्हणायचंय आणि जरा ठामपणे.

२०१६ ला स्तनाचा कर्करोग. परळला वर्षभर. आम्ही रत्नागिरीकडचे, मुंबईत कुणी नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नवरा आणि मी राहिलो. तिथे स्टोव्हवर भात करताना शेजारच्या खोलीतली बिहारची बाई आणि मी एकमेकींची भाषा न येता वर्षभर बोललो. "तू फायटर आहेस" हे मला शिवीसारखं लागायचं. लढाई कसली, मी नुसती रांगेत उभी होते. केस पेपर, रक्त, केमो, पुन्हा रांग. तिथवर शमाताईंशी सहमत.

पण मी बदलले. आजाराआधी मी घरात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आता म्हणते. दिराच्या मुलाच्या लग्नात केमोनंतर पाच महिन्यांनी मला शंभर माणसांच्या पंगतीला उभं करणार होते. मी म्हटलं, जमणार नाही, आणि खुर्चीत बसून जेवले. ते वाक्य मला कर्करोगाने दिलं की रांगेने की त्या बिहारच्या बाईने, माहीत नाही. पण ते माझं आहे. "आजार काही शिकवत नाही" असं कुणी म्हटलं की मला वाटतं माझ्या हातातून ते काढून घेतायत.

---

शमा_नाशिक | मंगळवार, रात्री ९:१५

मावळतीकाठ, तीनदा वाचला प्रतिसाद. तुमचं बरोबर आहे, आणि मी माझ्या चिडीत सगळ्यांच्या वतीने लिहून गेले.

आमच्याकडे याला नाव आहे, आघातानंतरची वाढ. रिचर्ड टेडेस्ची आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये ती मोजायला २१ विधानांची प्रश्नावली काढली. नाती, नव्या वाटा, स्वतःची ताकद, अध्यात्म, जगण्याची किंमत, असे पाच भाग. त्यांचं म्हणणं मुळात समंजस होतं. वाढ आणि वेदना शेजारी शेजारी नांदतात, आणि वाढ होते ती आघाताने नव्हे, आघातानंतर माणूस जी झटापट करतो तिच्यातून. बाजारात येईपर्यंत त्याचं झालं "कॅन्सर ही देणगी आहे". माझा राग त्या पाटीवर आहे. पेशंटने स्वतः म्हणणं वेगळं, आणि भेटायला आलेल्याने शहाळं ठेवता ठेवता त्याच्याकडून ते वसूल करणं वेगळं.

तुमचं "जमणार नाही, आणि खुर्चीत बसून जेवले" मी वहीत लिहून ठेवलंय. माझ्याकडे अशा किती जणी येतात ज्यांना ते वाक्य हवंय आणि आजार मात्र नकोय.

---

मावळतीकाठ | मंगळवार, रात्री ९:४४

वापरा. नाव नका सांगू, दीर इथे वाचतो.

---

सातासमुद्रापार | बुधवार, पहाटे ४:१० (आमच्याकडे दुपार)

फ्रीमॉंट, कॅलिफोर्निया. मी आजारी नाही, आई-बाबा पुण्यात आहेत, एवढाच माझा आजार. बाबांचं बायपास झालंय. रोज संध्याकाळी, पुण्यात उजाडलं की, त्यांचं व्हॉट्सअॅपवरचं लास्ट सीन बघते. सकाळी सहाचं दिसलं की जिवात जीव. सात वाजले आणि नाही दिसलं की शेजारच्या काकूंना फोन. काकू आता माझा नंबर बघून उचलतच नाहीत.

इथल्या थेरपिस्टकडे गेले. ती म्हणाली, आईवडिलांशी सीमा आखा. बाई गं, तेरा-चौदा हजार किलोमीटरची सीमा आहे की आधीच!

---

तिरफळ | बुधवार, सकाळी ८:३०

सीमा :हहपुवा: (हसून हसून पुरेवाट)

आमच्याकडे मडगावात उलटं. आई मला बेचाळिसाव्या वर्षी "पोचलास की फोन कर" म्हणते. ऑफिस चार किलोमीटरवर.

---

शमा_नाशिक | बुधवार, सकाळी ११:२५

सातासमुद्रापार, लास्ट सीन हा तुमचा ऑक्सिमीटर आहे. बघितलं की सुटल्यासारखं वाटतं ना? ते सुटणंच घात करतं. मेंदू धडा शिकतो की बघितलं म्हणून संकट टळलं. मग उद्या बघणं भाग. बाबा सुखरूप आहेत ते तुम्ही बघितल्यामुळे नव्हे, हे त्याला कळायला संधीच मिळत नाही.

"बघू नका" असं मी नुसतं सांगणार नाही, कारण बायपासनंतरची खरी काळजी घेणंही आहेच त्यात. ते आधी वेगळं काढा. बाबांना खरंच काही झालं तर पहिल्या दहा मिनिटांत कोण पोचेल? किल्ली कुणाकडे? फाईल कुठे? रुग्णवाहिकेसाठी १०८, हे आईला पाठ आहे का? हा एक कागद एका शनिवारी बसून पुरा होतो. उरतं ते करणं. त्याला बाबांशी ठरवून दिवसातला एक फोन, ठरल्या वेळी, आणि मधे काही नाही. बाबांनाही विचारा, त्यांना हे पहाऱ्याखालचं जगणं कसं वाटतं. बऱ्याचदा आपण गृहीत धरतो.

आणि तिरफळ, आईला फोन करा हो. मी थेरपिस्ट असून सांगतेय. चार किलोमीटर असोत. पोचलो म्हणायला दहा सेकंद लागतात, आणि तो तपास नाही, तो त्यांचा तुमच्याशी बोलायचा शब्द आहे. प्रत्येक काळजी सोडवायची नसते. फक्त तुम्ही मीटिंगमध्ये असताना त्या सात फोन करत असतील तर मग बोलू.

---

अधिकउणे | बुधवार, दुपारी १:५०

काळजीसाठी रोज ठराविक वेळ ठेवायची असं कुठेतरी वाचलंय. अर्धा तास मनसोक्त काळजी करायची आणि एरवी आली की "संध्याकाळी ये" म्हणायचं. उपयोग होतो का? मला तर ते बँकेच्या काउंटरसारखं वाटतं, जेवणाची सुट्टी वगैरे.

---

शमा_नाशिक | बुधवार, दुपारी ४:३०

टॉम बोर्कोव्हेक नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९८३ मध्ये सहकाऱ्यांसोबत हा उपाय तपासला होता. रोज एकाच वेळी, एकाच जागी, अर्धा तास. तत्त्व साधं आहे. काळजी पलंगाला, आंघोळीला, गाडी चालवण्याला, सगळ्याला चिकटलेली असते. तिला एका खुर्चीला बांधायचं.

उपयोग होतो, पण वेळ चुकवली तर फजिती. मी रात्री साडेनऊची ठेवली होती, म्हणजे अंथरुणावर पडायच्या जरा आधी स्वतःला हलवून जागं करायचं. अतिशय मूर्खपणा. साडेपाचला आणली तेव्हा जमलं. त्या वेळी दूध येतं, बेल वाजते, काळजीत व्यत्यय येतो आणि व्यत्यय चांगलाच असतो. गंमत म्हणजे दुपारी "संध्याकाळी ये" म्हणून परत पाठवलेल्यांतल्या निम्म्या संध्याकाळी येतच नाहीत. उरलेल्यांची नावं कागदावर लिहा. एखाद्यावर खरंच काही करता येत असतं, ते करा.

---

आजोबा७४ | बुधवार, सायं. ६:०५

चिरंजीव शमा, तुझा लेख सुनेने वाचून दाखवला आणि हा प्रतिसादही तीच टंकते आहे. मी निवृत्त मुख्याध्यापक, सातारा. ब्लड प्रेशरचे यंत्र घरी आणल्यापासून माझे प्रेशर वाढले आहे, असे माझी पत्नी म्हणते. दिवसात आठ ते दहा वेळा मोजतो आणि वहीत तारीखवार नोंद ठेवतो. तीन वह्या झाल्या. डॉक्टर वही बघत नाहीत याचे मला वाईट वाटते.

जुन्या लोकांनी म्हटलेच आहे, चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक.

---

शमा_नाशिक | बुधवार, रात्री ८:५०

गुरुजी, नमस्कार. टिंबाची गोष्ट मी आजवर इतक्या सत्कार समारंभांत ऐकलीय की आता मला त्या टिंबाचीच काळजी वाटते! माझ्याकडे येणाऱ्या माणसाला ते ऐकून जास्तच भीती बसते, काळजीची काळजी सुरू होते. काळजीने जळत कुणी नाही. दमतं मात्र.

वह्या सुंदर असणार, शिक्षकाच्या आहेत. पण डॉक्टरांना प्रेशर किती वेळा मोजावं असं वाटतं, हे त्यांनाच विचाराल का? ते सांगतील तेवढंच आणि त्याच वेळी. आधी पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, काही न बोलता. बाकी वेळ यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात. आजींच्या द्या.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचं नाव तुम्ही ऐकलं असेल, महाराष्ट्रात डॉ. कि. मो. फडक्यांनी त्याची विचारपद्धती घरोघरी पोचवली. एलिस लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्याने कितीदा तरी रुग्णालयात होता, चाळिशीत त्याला मधुमेह निघाला, आणि तो २००७ मध्ये ९३ व्या वर्षी गेला. दुखणं सोबत घेऊन माणूस काम करत राहिला. तो ज्या हट्टावर बोट ठेवायचा त्याला मराठीत एकच अक्षर पुरतं, "च". प्रेशर १३० च्या आत असावं, ही इच्छा झाली. असायलाच हवं, म्हणून दहा वेळा मोजायचं. मुख्याध्यापकाला "च" सोडणं किती अवघड ते मला कळतं, माझे वडीलही शिक्षक होते.

---

पोहेवाला | गुरुवार, सायं. ७:४०

रिपोर्ट आला. टीएसएच २.१. हिमोग्लोबिन १४.८. बी-१२ पण ठीक. डॉक्टर म्हणाले सगळं उत्तम आहे.

खरं सांगू का? लॅबच्या पायऱ्यांवर बसून रडू आलं. मला वाटत होतं काहीतरी निघेल. निघालं असतं तर आईला सांगता आलं असतं, ऑफिसात सांगता आलं असतं. गोळी घेतली असती. आता परत "मनाचंच आहे".

---

शमा_नाशिक | गुरुवार, रात्री ८:१०

पोहेवाला, थांबा. आधी हे की तुम्ही जे लिहिलंत ते माझ्या खुर्चीत जवळजवळ रोज कुणीतरी बोलतं, पण इतकं स्पष्ट नाही. रिपोर्ट नॉर्मल आला आणि माणूस हिरमुसला, हे घरच्यांना विचित्र वाटतं. ते विचित्र नाही. रक्तात निघालेल्या आजाराला सुट्टी मिळते, पथ्याचं जेवण मिळतं, भेटायला माणसं येतात. माझा टीएसएच घरभर फिरला, सासूबाईंनी शेजारी सांगितला, कौतुकाने म्हणावं तसं. त्याच महिन्यांत मला पॅनिकचा त्रास असता तर तो कुणी शेजारी सांगितला नसता. मला त्या कागदाचा आधार मिळाला, तुम्हाला नाही मिळाला, यात न्याय काही नाही.

"मनाचंच" मधला तो "च" फेकून द्या. धडधड खरी आहे. तुमच्या शरीरात अॅड्रेनलिन खरंच सुटतं, हृदय खरंच धावतं, ग्रंथी ठीक असूनही. यंत्रणा चालू आहे, तिला भोंगा वाजवायचं कारण चुकीचं कळतंय. त्यावर उपाय आहेत आणि ते चांगले आहेत. थेरपीचे आहेत, गरज पडली तर औषधांचेही. मी इथून निदान करणार नाही. पण चार-सहा महिन्यांत बरंच सुटसुटीत झालेली माणसं मी खूप पाहिलीत.

आज रात्री काही करू नका, जेवा. या आठवड्यात बोलायला माणूस शोधा. पुण्यात मिळेल. पैशाची अडचण असेल किंवा रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

---

मावळतीकाठ | गुरुवार, रात्री ८:३५

पोहेवाला, मला कागद मिळाला होता. जाड फाईल. भेटायला खूप माणसं आली, खरं आहे. दुसऱ्या वर्षी कुणी येत नाही. तुमच्या आईला हा धागा वाचायला द्या, बघा काय म्हणतात.

---

पोहेवाला | शुक्रवार, रात्री ११:५५

दिला. आई म्हणाली, "मलाही होतं असं, तुझे बाबा गेल्यापासून." आम्ही दोघं साडेदहापर्यंत बसलो होतो. मंगळवारची वेळ घेतलीय. तिच्यासाठी टीएसएचची पण.

---

लॅबवाली | शनिवार, सकाळी ७:०५

बायोटिन विचारा त्यांना :)

---

आजोबा७४ | रविवार, सकाळी १०:२०

चिरंजीव शमा, डॉक्टरांना विचारले. आठवड्यातून दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, पुरे म्हणाले. पत्नीने यंत्र ठेवून घेण्यास नकार दिला, म्हणाली मला दिवसभर मागत बसाल. म्हणून मुलगी आली होती तिच्याबरोबर कोल्हापूरला पाठवले. तपासणीच्या दिवशी जवळच्या दवाखान्यात चालत जाईन.

काल रात्री तिचा फोन आला. बाबा, माझे १३८ आले, पुन्हा घेतले तर १४२, आता काय करू?